वजा सहा

माझं लिखाण लोक नेहमी रागात वाचतात. तक्रार म्हणून सांगत नाही, ते लिखाणच तसलं आहे. यंत्र नीट चालत असताना त्याची माहितीपुस्तिका कोण उघडतं? ती उघडली जाते यंत्र अडल्यावर, सुपरवायझर डोक्यावर उभा असताना, ग्रीसने माखलेल्या हातांनी. सव्वीस वर्षं मी अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत हे काम केलं. आमचा कारखाना औषधाच्या गोळ्यांची पाकिटं भरणारी यंत्रं बनवायचा. यंत्र परदेशी जाणार असलं की इंग्रजी पुस्तिका लिहायला साहेबलोकांची रांग लागायची. जवळपासच जाणार असलं की मराठी आणि हिंदी पुस्तिका माझ्या टेबलावर.

बाहेरच्या माणसाला हा धंदा समजावणं सोपं आहे. ज्याने यंत्र बनवलं त्याला ते कसं चालवायचं हे सांगता येत नाही, आणि ज्याला चालवायचं आहे त्याला विचारत बसायला वेळ नसतो. मधे आम्ही. 'हळूच दाबा' असं लिहून भागत नाही. एकदा मी तसं लिहिलं, तर एका ऑपरेटरने फोन करून विचारलं, "मॅडम, लिफ्टच्या बटणासारखं हळूच, की पिकल्या आंब्यासारखं हळूच?" तेव्हापासून मी 'टक असा आवाज येईपर्यंत दाबा' असं लिहू लागले. असल्या गोष्टींचा मला अभिमान होता. अजूनही आहे, थोडा कमी. तो कमी कसा झाला तेच सांगायचं आहे.

निवृत्त झाल्यावर बदलापूरच्या घरी मी शिवणकाम पुन्हा काढलं. शिवताना कॉम्प्युटरवर एक फुकटचा प्रोग्राम हाती लागला. त्यात मापं भरली की तो पुढचा भाग, पाठ, बाही असे कपड्याचे भाग आखून देतो. ते कागदावर छापायचे, तुकडे चिकटवायचे आणि कापडावर ठेवून कापायचं. या कागदी भागांना पॅटर्न म्हणतात. हा प्रोग्राम मुक्तस्रोत प्रकारातला. म्हणजे तो कुणीही फुकट घ्यावा, आत काय लिहिलंय ते उघडून पाहावं, सुधारावं आणि सुधारलेलं पुन्हा सगळ्यांना द्यावं. जगभरची माणसं आपापल्या नोकऱ्या सांभाळून असले प्रोग्राम लिहितात. लिहायला सगळे उत्सुक असतात. तो वापरायचा कसा हे सांगणारी पुस्तिका लिहायची वेळ आली की सगळ्यांना घरची कामं आठवतात.

या प्रोग्रामची मराठी पुस्तिका होती. पहिलंच वाक्य असं: 'प्रस्तुत मुक्तस्रोत आज्ञावलीच्या माध्यमातून वापरकर्ता आकृतिबंधांचे आरेखन करण्यास सक्षम होतो.' मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा अक्षम राहिले. शिवणीसाठी कडेने जे जास्तीचं कापड सोडतो, ज्याला गल्लीतला प्रत्येक शिंपी मार्जिन म्हणतो, त्याला या पुस्तिकेत 'शिवण-भत्ता' असं नाव होतं. मी आधी हसले, मग चिडले आणि खाली दिलेल्या पत्त्यावर सविस्तर मेल लिहिली. दहा मिनिटांत उत्तर आलं, 'आपल्या सूचनांचे स्वागत आहे. रविवारी सकाळी दहा वाजता बैठकीस यावे.' पत्ता माझ्या घरापासून दोन गल्ल्यांवरचा.

तिथे प्रधान सर भेटले. सरकारी खात्यातून निवृत्त झालेले, आता या प्रोग्रामचे 'भाषा-समन्वयक'. हे पद कुणी दिलं असं मी विचारलं, तर ते म्हणाले, "रिक्त होतं." पुस्तिकेच्या पानावर माझं धरून अकरा स्वयंसेवकांची नावं झाली. बैठकीला तिघं. सर, मी आणि निखिल नावाचा आयटीतला एक गृहस्थ, ज्याने पहिल्याच दिवशी प्रामाणिकपणे सांगून टाकलं, "ताई, काम कमी असलं तरी चालेल, पण नाव दिसलं पाहिजे. रिझ्युमेमध्ये टाकायचंय."

बैठकीत काम होत नसे, शब्द होत असत. प्रोग्राम मधेच बंद पडला तर काय म्हणायचं यावर दोन रविवार गेले आणि 'आज्ञावली अपघातग्रस्त झाल्यास' हे ठरलं. चूक सुधारून पाठवलेल्या तुकड्याला प्रोग्रामवाले पॅच म्हणतात. सरांनी त्याचं 'ठिगळ' केलं. आता शिवणकामाच्याच पुस्तिकेच्या शेवटी जर लिहिलं असेल की 'आपली ठिगळे आमच्याकडे पाठवावीत, सहर्ष स्वीकारू', तर माणसाने काय समजावं? एका शिंपीकाकांनी खरंच लिहून विचारलं की कुठल्या रंगाची पाठवू. सरांनी त्यांना उत्तर दिलं नाही. ते काका थट्टा करत होते असं सरांचं मत. मला तसं वाटत नाही.

मी मान खाली घालून कामाला लागले. आठ महिन्यांत चाळीसेक पानं साध्या मराठीत पुन्हा लिहून काढली. सरांनी बरीचशी मान्य केली, मात्र भत्ता आणि ठिगळ या दोन किल्ल्यांवरून ते हटेनात. "वासंतीताई," ते म्हणायचे, "आपण लोकांच्या पातळीवर उतरायचं, की लोकांना वर आणायचं?"

अशातच पुस्तिकेच्या प्रश्नांच्या पानावर एक प्रश्न आला. 'पान सातवर शिवण-भत्ता एक सेंटिमीटर असं लिहिलं आहे. आम्हाला कारखान्यात कसलाच भत्ता मिळत नाही. हा कोणाकडे मागायचा?' खाली नाव रंजना आणि फोन नंबर.

सर दुखावले. मी फोन लावला. पलीकडून शिलाई मशीनच्या खडखडाटातून खळखळून हसणं ऐकू आलं.

"माहीत हाय वो ताई, मार्जिन. बारा वर्सं कापतेय मी. म्हटलं बघू, कोन वाचतंय का तरी."

रंजना मूळची वांगणीच्या पुढच्या एका गावची, भातशेती करणाऱ्या घरातली. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमध्ये जीन्स शिवण्याच्या कारखान्यात ती धागे कापायला लागली होती. धागे कापणं हे तिथलं सगळ्यात खालचं काम. शिवून झालेल्या पॅन्टीचे लोंबते दोरे काढत बायका दिवसभर जमिनीवर बसलेल्या असतात. तिथून बघत बघत, मोजत मोजत ती कटिंग मास्तर झाली होती. त्या गल्लीत कटिंगच्या टेबलावर उभी राहणारी बाई ती एकटीच. मालकाचा जुना विकतचा प्रोग्राम बंद पडला, तेव्हा तिनेच हा फुकटचा शोधून बसवला आणि आमची पुस्तिका वाचून शिकली. भत्त्यासकट.

"एकदा येऊन बघा ना ताई, आमी कसं करतो ते," ती म्हणाली.

"येते की," मी म्हणाले.

गेले नाही. बदलापूरहून उल्हासनगर काही लांब नाही. स्टेशनला उतरलं की शेअर रिक्षा मिळते. गुडघे दुखतात असं मी तिला दोनदा सांगितलं आणि गुडघे खरंच दुखत होते. पण खरं कारण वेगळं होतं. कारखान्यात असताना पुस्तिका लिहिण्याआधी खाली उतरून यंत्र स्वतः चालवावं लागायचं, साडीला तेल लागायचं, कामगार गालात हसायचे. इथे तसं काही नव्हतं. चहाचा कप घ्यायचा, पडद्यावर डावीकडे इंग्रजी पान, उजवीकडे माझं मराठी. या बैठ्या लेखनाची मला चटक लागली होती.

मग आटण्याचं पान आलं. जीन्सचं कापड धुतल्यावर आटतं. म्हणून कापताना ते तेवढं मोठं कापायचं, म्हणजे धुऊन आल्यावर मापात बसतं. प्रोग्राममध्ये त्यासाठी एक चौकट आहे. कापड शेकडा किती आटतं तो आकडा त्यात भरायचा, पुढचा हिशेब तो करतो. इंग्रजी पानावर होतं की आकडा वजा चिन्हासह भरावा. मी लिहिलं, 'कापड शेकडा सहा आटत असेल तर चौकटीत वजा सहा भरा. वजा चिन्ह विसरू नका.' यातलं दुसरं वाक्य इंग्रजीत नव्हतं. ते माझं. सूचना कशी ठाम हवी, वाचणाऱ्याच्या मनात शंका उरता कामा नये, हे माझं सव्वीस वर्षांचं तत्त्व.

पान इंटरनेटवर चढवल्यावर काही दिवसांनी, सकाळी स्वयंपाक करत असताना रंजनाचा मेसेज आला. 'ताई, वजा सहा टाकल्यावर पॅटर्न मोठा व्हायच्या ऐवजी छोटा येतो. टेपने मोजला. बरोबर आहे का?'

कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या होत्या, तिसरीची वाट बघत होते. तेवढ्यात मी उत्तर लिहिलं, 'मूळ इंग्रजीशी ताडून पाहिलं आहे. प्रोग्राम आतमध्ये हिशेब करतो. बिनधास्त वजा सहा भर.'

प्रोग्राम आतमध्ये हिशेब करतो, हे मी कशाच्या आधारावर लिहिलं? कशाच्याच नाही. वाक्य चांगलं वाटलं म्हणून.

तीन आठवडे काही नाही. आमच्या बैठका चालू होत्या. 'फाईल'ला 'धारिका' म्हणावं की 'संचिका' यावर सर आणि निखिल यांच्यात मतभेद होते. म्हणजे मत सरांचं आणि भेद निखिलला लवकर घरी जायचं होतं एवढाच. आणि एका दुपारी मेसेज आला. 'ताई, ते वजा चुकीचं होतं.' एवढंच. पुढे शिवी असती तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी गेले. गुडघ्यांनी काही त्रास दिला नाही.

गल्ली एवढी अरुंद की समोरून जीन्सचे गठ्ठे लादलेली स्कूटर आली तर भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. लोखंडी जिना चढून वर गेले. वीसेक मशीन एकदम चालू, हवेत निळी कापडी धूळ. रंजनाला मी कधी पाहिलं नव्हतं. कटिंगच्या टेबलाशी एक पुरुष उभा होता. मी नाव घेतलं, तशी जमिनीवर धागे कापत बसलेल्या चार बायकांमधली एक उठली. चाळिशीची, उंच, मानेभोवती मापाची टेप अजून तशीच लटकत होती.

"ताई? तुमी? एवढ्या लवकर?"

तिने टोमणा मारला नव्हता. पण मला तो लागायचा तिथे लागला.

तिने जिन्यात उभं राहून सगळं सांगितलं. चाळीस इंच उंचीच्या पॅन्टीची ऑर्डर होती. कापडाचे साठ थर एकावर एक अंथरले होते. असे थर लावले की एकदाच कापायचं, साठ पॅन्टी एका दमात कापून होतात. चुकलं तर साठ एका दमात चुकतात.

"कागद साडेसदतीस इंचाचा निघाला. मी दोनदा मोजला. म्हनून तर तुमाला इचारलं."

"आणि मी सांगितलं, बिनधास्त भर."

"माझा टेप सांगत होता कमी हाय. पन तुमचं पुस्तक असं ठाम बोलत होतं, मला वाटलं ह्यांनी कायतरी जानून लिवलं असंल." तिने मानेभोवतीची टेप सरळ केली. "बारा वर्सांत टेपचं ऐकलं नाय असं पयल्यांदा झालं."

आता धुलाईचे कारखाने गावात राहिलेले नाहीत, माल बाहेर लांब पाठवावा लागतो. पॅन्टी शिवून गेल्या, धुऊन आल्या, आणि उघडून बघतात तर पस्तीस इंच आणि वर थोडं. पोटरी आणि घोटा यांच्या मधे कुठेतरी संपणाऱ्या साठ पॅन्टी. त्याच दिवशी मालकाने तिला टेबलावरून काढून खाली धाग्यांवर बसवलं आणि टेबल आपल्या मेव्हण्याला दिलं.

मालक गोपशेठ, सिंधी गृहस्थ, पोटाला सांभाळत खुर्चीतून अर्धे उठले. "आओ मॅडम, बैठो. चाय? तो आपने लिखी है वो किताब?"

मी हो म्हटलं. त्यांनी एक पॅन्ट काढून माझ्यासमोर धरली. "माल की मेरे को टेन्शन नहीं. अँकल लेन्थ फॅशन बोल के निकाल दूंगा. उल्हासनगर है, इधर कुछ वाया नहीं जाता." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पण बाई को टेबल पे नहीं बिठा सकता. कारीगर लोग हसते आहेत ना. बोलते हैं, बाई ने किताब पढ़ के कापड़ काटा."

"चूक तिची नाही. माझी आहे," मी म्हणाले.

"आपकी कैसे? आप तो इधर थे ही नहीं."

"तीच चूक."

गोपशेठना हे नीटसं कळलं नाही, पण ते थांबले. मी म्हटलं, मला एक तास द्या आणि त्याच कापडाचा तुकडा द्या. तोवर रंजना पुढे झालीच होती. तिने तुकड्यावर खडूने चौकोन आखला, मोजला, गरम पाण्याच्या बादलीत बुडवला, पिळला, इस्त्रीने सुकवला आणि पुन्हा मोजला. शेकडा सहा, बरोबर. मग आम्ही दोघी कॉम्प्युटरसमोर बसलो. तिने आधी वजा सहा भरून कागद छापला, मग नुसता सहा भरून छापला. दोन्ही कागद चिकटवून टेबलावर शेजारी शेजारी ठेवले आणि टेप लावली. एक साडेसदतीस इंच. दुसरा साडेबेचाळीस. साडेबेचाळीसचं कापड धुऊन चाळीस होणार, हे तिथल्या कुठल्याही कारीगराला सांगावं लागलं नाही.

कारण शोधायला मात्र मला आणखी अर्धा तास लागला. इंग्रजी पानाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की हे पान प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीसाठी आहे. जुन्या आवृत्तीत वजा भरायचं असे. नवीन आवृत्तीत बनवणाऱ्यांनी ते उलटं केलं, आणि प्रोग्राम बदलल्यावर पुस्तिका बदलायला विसरले. आणि मी ते शिळं पान शब्दाशी प्रामाणिक राहून मराठीत आणलं, वर पदरचं एक वाक्य घालून. आठ महिन्यांत एकदा जरी या टेबलाशी येऊन उभी राहिले असते, तर पाच मिनिटांत कळलं असतं.

"ठीक है," गोपशेठ म्हणाले, "लिख के दो."

मी त्यांच्याच चिटोऱ्यावर लिहिलं, 'रंजनाने मोजून विचारलं होतं. मी न बघता वजा सहा भरायला सांगितलं. चूक माझी.' खाली सही. गोपशेठनी मशीन बंद करायला लावल्या आणि ते सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. ऐनवेळी दिवेही गेले असते तर बरं, असं मला वाटत होतं. एका म्हाताऱ्या कारीगराने मान हलवली. बाकीच्यांनी घड्याळाकडे पाहिलं. मेव्हण्याने टेबलावरची कात्री सावकाश खाली ठेवली.

"सोमवार से टेबल पे," गोपशेठ रंजनाला म्हणाले, "पहिला माल छोटा देता हूँ. और किताब नहीं, टेप."

"टेपच," रंजना म्हणाली.

रविवारी मी बैठकीत सांगितलं की आटण्याचं पान आजच बदलायचं आहे. प्रधान सरांनी चष्मा पुसला. "वासंतीताई, आपण अनुवादक आहोत. मूळ इंग्रजीत जे आहे त्याच्याशी इमान राखणं हे आपलं कर्तव्य. आधी इंग्रजी बदलू दे. शिवाय प्रक्रिया आहे. अकरा सदस्यांचं मतदान घ्यावं लागेल."

"सर, त्यातले आठ जण दोन वर्षांत दिसलेले नाहीत," निखिल म्हणाला.

"म्हणून त्यांचा हक्क जातो का?"

तेवढ्यात बेल वाजली. मी रंजनाला पत्ता दिला होता, पण ती येईलच याची खात्री नव्हती. सुट्टीच्या दिवशी गावाहून निघून ती बदलापूरला उतरली होती, हातात कापडी पिशवी. मी ओळख करून दिली. सरांनी "या, या," केलं. मुद्दा काय चाललाय तो तिने शांतपणे ऐकून घेतला आणि पिशवीतून एक पॅन्ट काढली.

"सर, जरा उभं राहता का?"

सर सवयीने उभे राहिले. रंजनाने पॅन्ट त्यांच्या कमरेला धरली, टेप खाली सोडली. पॅन्ट सरांच्या पोटरीशी संपली. चहाचा ट्रे घेऊन दारात आलेल्या प्रधान वहिनी इतक्या हसल्या की ट्रे आधी खाली ठेवावा लागला.

"ह्ये इंग्रजीशी इमान राखून कापलेलं हाय," रंजना म्हणाली. "असे साठ हायेत. अकरा मेंबरांना पुरून उरतील."

सर बसले. त्यांनी ती पॅन्ट हातात घेऊन उलटसुलट पाहिली. वाईट माणूस नाही तो. इतकी वर्षं ज्या शब्दांवर ते भांडले त्या शब्दांवरून कुणी कापड कापतं, हे त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिलं. "बदला," ते म्हणाले, "तात्पुरतं."

"आनि तो भत्ता?" रंजनाने लागलीच विचारलं.

"त्याला आपण तळटीप देऊ. मार्जिन असंही म्हणतात, अशी."

"कापताना तळटीप वाचायला कोन खाली वाकनार, सर?"

निखिलने त्याच बैठकीत लॅपटॉपवर दोन्ही बदल करून टाकले. सर खिडकीबाहेर बघत राहिले. ठिगळ अजून तसंच आहे. सरांचं काहीतरी राहायला हवं, असं आम्ही तिघांनी न बोलता ठरवलं.

मग मी इंग्रजी पुस्तिका सांभाळणाऱ्या बाईंना लिहिलं. त्या कुठल्याशा थंड देशात राहतात. उत्तर आलं, फार आभारी आहे, दुरुस्ती तुम्हीच लिहून पाठवता का? या जगात हीच रीत आहे. ज्याने खड्डा दाखवला त्याच्याच हातात फावडं. मी वाक्यं लिहिली, रंजनाने दोन कागद शेजारी ठेवून टेपसकट फोटो काढला, आणि दोन दिवसांत पान बदललं. तेव्हा कळलं की तेच वजा आणखी चार भाषांत पोचलं होतं. सगळ्या अनुवादकांनी कमालीचं इमान राखलं होतं. तिथे किती जणांच्या पॅन्टी आखूड झाल्या आणि किती जणी टेबलावरून खाली बसल्या, देव जाणे. कुणी लिहिलं नाही.

निखिलने रिझ्युमेत 'गंभीर दोषाचे आंतरराष्ट्रीय पातळीवर निराकरण' असं टाकलं. स्वयंसेवकांच्या यादीत रंजनाचं नाव आलं, त्याच्या वर 'मार्गदर्शन' असं लिहून प्रधान सरांचं. मी ते तिला फोनवर वाचून दाखवलं. तिने विचारलं, "छापायचं बटन नव्या आवृत्तीत हललंय, ते पान कधी बदलताय?"

आता आमचा नियम असा की रंजनाने टेबलावर करून बघितल्याशिवाय कुठलंही पान चढत नाही. महिन्यातून एकदा मी छापील पानं घेऊन कॅम्प तीनला जाते. ती जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून पेन घेते. माझी पहिली चार पानं तिने परत दिली तेव्हा अर्ध्याहून जास्त मजकुरावर काट मारलेली होती, आणि समासात 'हे लागत नाही', 'हे उलटं आहे', 'हे बघून लिहिलं नाही'. मी तिच्यादेखत एकेक वाचत गेले. वाद घालायला एकही जागा सापडली नाही.

तिथून घरी येताना एक गोष्ट डोक्यात बसली ती जाईना. सव्वीस वर्षांत माझ्या एकाही पुस्तिकेवर कुणी पेन चालवलेलं मी पाहिलं नव्हतं. त्याचा अर्थ मी इतकी वर्षं एकच लावत आले होते.

घरी आल्यावर पाटलांना फोन केला. पाटील हे आमच्या कारखान्यातले चाचणी विभागाचे फिटर, तेही आता निवृत्त, अंबरनाथलाच असतात. नवं यंत्र आणि माझी नवी पुस्तिका सगळ्यात आधी त्यांच्या हातात जायची. इकडचं तिकडचं झाल्यावर मी विचारलं, "पाटील, खरं सांगा. माझ्या पुस्तकांत कधी चुकीचं काही होतं का?"

ते म्हणाले, "मॅडम, आता कशाला?"

"सांगा तर."

"त्या मोठ्या यंत्राचं पान चौदा," ते म्हणाले. "पट्टा अडकला तर झाकण उघडून हाताने मोकळा करा, असं होतं. तुम्ही चालवून बघितलं तेव्हा यंत्र रिकामं होतं. माल भरलेला असला की तो पट्टा एकदम सुटायचा. बोट गेलं असतं कुणाचं. म्हणून नवीन माणूस आला की आम्ही आधी ते पान फाडायचो, मग पुस्तक हातात द्यायचो."

"किती वर्षं?"

"पहिल्यापासून."

"अहो, मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही नवं पुस्तक घेऊन खाली आमच्या मशीनपाशी यायचात ना मॅडम," ते म्हणाले, "तेव्हा फार खूश दिसायचात."